कार्ड मुलीचे, रजा आईची: अमेरिकेतील ग्रामीण लॅटिनो कुटुंबे आणि मुलांचे आरोग्य

समजा, कॅलिफोर्नियातील टुलेरी काउंटीत, म्हणजे तिथल्या एका जिल्ह्यात, चार वर्षांच्या एका मुलीचा कान रात्रभर ठणकतो आहे. तिच्या आईला पहाटे साडेचारला घर सोडावे लागते, कारण द्राक्षमळ्यात उजाडताच तोडणी सुरू होते आणि उशिरा येणाऱ्या बाईची ओळ मुकादम दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकतो. सर्वांत जवळचा दवाखाना वीस मैलांवर आहे. तो सकाळी आठला उघडतो आणि संध्याकाळी पाचला मिटतो. घरात गाडी एकच आहे आणि ती घेऊन वडील भलत्याच दिशेला कामावर गेले आहेत. या सगळ्यात एक गोष्ट मात्र अगदी जागच्या जागी आहे. मुलीच्या नावाचे सरकारी आरोग्य विम्याचे कार्ड फ्रीजच्या दारावर चुंबकाने लावलेले आहे, त्याची मुदत संपलेली नाही, आणि तपासणीचा, औषधांचा, वेळ पडली तर शस्त्रक्रियेचाही खर्च त्या कार्डावर भागतो.

हे कुटुंब कल्पनेतले असले तरी त्याच्या अडचणी कल्पनेतल्या नाहीत. अमेरिकेतल्या आरोग्यसेवेची चर्चा निघाली की ती बहुधा विम्यापाशी सुरू होते आणि विम्यापाशीच थांबते. पण चार वर्षांचे मूल स्वतःच्या पायाने दवाखान्यात जात नाही. त्याला कोणीतरी न्यावे लागते, आणि नेणाऱ्याची रजा, गाडी, भाषा, कागदपत्रे आणि भीती या पाचही गोष्टी मुलाच्या दुखण्याला येऊन चिकटतात.

‘लॅटिनो’ म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेली माणसे आणि त्यांचे वंशज. 2020 च्या जनगणनेत त्यांची संख्या 6 कोटी 21 लाख, म्हणजे देशाच्या लोकसंख्येच्या जवळपास 19 टक्के भरली. त्यातले बहुतेक शहरांत राहतात. खेड्यापाड्यांतले लॅटिनोही एका साच्यातले नाहीत. न्यू मेक्सिको आणि दक्षिण टेक्सासमधली काही घराणी 1848 च्या तहाने तो मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला त्याच्याही आधीपासून तिथे आहेत. आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमाच आम्हांला ओलांडून गेली, असे त्यांच्यात म्हटले जाते. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात आणि वॉशिंग्टन राज्यातील याकिमा खोऱ्यात लॅटिनो कुटुंबे शेतमजुरीसाठी आली. कॅन्ससमधील गार्डन सिटी आणि डॉज सिटी, आयोवातील स्टॉर्म लेक अशा गावांत ती मांसप्रक्रियेच्या कारखान्यांमागे आली, कारण गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हे कारखाने मोठ्या शहरांतून उठून गुरांच्या जवळ, लहान गावांत गेले. तिथल्या शाळा दहा-पंधरा वर्षांत स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांनी भरून गेल्या; दवाखान्यांची वाढ त्या वेगाने झाली नाही.

आता विमा. अमेरिकेत नोकरदाराला विमा बहुधा मालकाकडून मिळतो, पण शेतमजुराला तो क्वचितच मिळतो. गरिबांसाठी 1965 मध्ये मेडिकेड ही योजना आली. तिच्या मर्यादेपेक्षा थोडी जास्त कमाई असलेल्या घरांतील मुलांसाठी 1997 मध्ये ‘चिप’ ही दुसरी योजना जोडली गेली. या दोन योजना मिळून देशातल्या दर दहा मुलांपैकी साधारण चार मुलांचा भार उचलतात. पैसा केंद्र आणि राज्य दोघांचा, नियमांची चौकट केंद्राची, पण बारकावे राज्याच्या हाती, असा हा कारभार असल्यामुळे एकाच कुटुंबाला एका राज्यात विमा मिळतो आणि हंगाम बदलून दुसऱ्या राज्यात गेले की तो पुन्हा पहिल्यापासून मागावा लागतो.

अर्जदार कोण आहे यावरही बरेच ठरते. अमेरिकेत जन्मलेले मूल 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनुसार नागरिक ठरत आले आहे, त्यामुळे आईबापांकडे देशात राहण्याच्या परवानगीची कागदपत्रे असोत वा नसोत, मुलाला मेडिकेड मिळू शकते. कायदेशीर स्थलांतरितांना मात्र 1996 च्या कायद्याने पाच वर्षे थांबायला लावले. मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापुरती ही अट सोडण्याची मुभा 2009 मध्ये राज्यांना मिळाली आणि बहुतेक राज्यांनी ती वापरली. ज्यांच्याकडे कागदपत्रेच नाहीत, त्यांच्यासाठी केंद्राचा पैसा जवळजवळ फक्त तातडीच्या उपचारांपुरता आहे. काही राज्ये स्वतःच्या तिजोरीतून पुढे जातात: इलिनॉयने 2006 मध्ये आणि कॅलिफोर्नियाने मे 2016 पासून कागदपत्रे न पाहता सर्व गरीब मुलांना विमा दिला. टेक्सासने तसे केले नाही, तिथे गरीब प्रौढांनाही मेडिकेड फारसे मिळत नाही, आणि विमा नसलेल्या मुलांचे प्रमाण तिथे वर्षानुवर्षे देशात सर्वाधिक राहिले आहे. मोठ्यांच्या विम्याचा मुलांशी काय संबंध, असा प्रश्न पडेल. पण आईबापांना विमा असला तर मुलाच्या कार्डाचे नूतनीकरण वेळेवर होते, हा तिथल्या राज्याराज्यांतला जुना अनुभव आहे. कोविडच्या काळात कोणाचेही मेडिकेड काढून घ्यायचे नाही असा नियम होता. एप्रिल 2023 पासून तो उठला, तेव्हा पात्र असूनही केवळ पत्ता बदलला, पत्र इंग्रजीत आले किंवा फॉर्म वेळेत परत गेला नाही, म्हणून असंख्य मुलांची नावे यादीतून गेली.

एकाच घरात नागरिक मूल, व्हिसावर असलेला काका आणि बिनकागदाची आई असू शकते. ज्यांच्या आईबापांपैकी किमान एकाकडे कागदपत्रे नाहीत अशी नागरिक मुले अमेरिकेत 40 लाखांहून अधिक आहेत. भीती शिरते ती इथे. 1882 पासून अमेरिकेच्या कायद्यात अशी तरतूद आहे की जो माणूस सरकारवर भार होईल असे वाटते, त्याला प्रवेश किंवा कायमचा रहिवास नाकारता येतो. 2019 मध्ये या ‘भारा’ची व्याख्या रुंदावणारा नियम जाहीर झाला, फेब्रुवारी 2020 मध्ये तो लागू झाला आणि मार्च 2021 मध्ये मागे घेतला गेला. तो नीट वाचला तर मुलांच्या मेडिकेडला त्यात स्पष्ट सूट होती आणि नागरिक मुलाने घेतलेला लाभ आईबापांच्या खात्यावर धरला जाणार नव्हता. पण मळ्यात आणि चर्चच्या आवारात नियम कोणी वाचून दाखवत नाही. तिथे ‘कार्ड घेतले तर पुढे ग्रीनकार्ड मिळणार नाही’ एवढेच वाक्य फिरते, आणि ते ऐकून लोकांनी पूर्ण हक्क असलेल्या मुलांची नावेही कमी करून घेतली. नियम जेमतेम एक वर्ष टिकला. भीतीला मात्र रद्द करण्याची अधिसूचना निघत नाही.

ही भीती अडाणीपणाची म्हणून उडवून लावणे मला योग्य वाटत नाही. दक्षिण टेक्सासमध्ये मेक्सिकोची सीमा ओलांडल्यानंतरही, देशाच्या आत, महामार्गांवर सीमा पोलिसांची तपासणी नाकी आहेत. रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातील बाळाला सॅन अँटोनियो किंवा ह्यूस्टनच्या विशेषज्ञाकडे न्यायचे, तर वाटेत ते नाके लागतेच. ऑक्टोबर 2017 मध्ये लारेडोहून कॉर्पस क्रिस्टीला पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी निघालेल्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या दहा वर्षांच्या एका मुलीची गाडी अशा नाक्यावर अडवली गेली. मुलीकडे कागदपत्रे नव्हती. आईबाप सोबत नव्हते, कारण त्यांच्याकडेही ती नव्हती. म्हणून नागरिक असलेली नात्यातली बहीण बरोबर होती. पोलीस रुग्णालयापर्यंत गाडीमागे गेले, शस्त्रक्रिया होईपर्यंत तिथे थांबले आणि नंतर मुलीला ताब्यात घेऊन सॅन अँटोनियोतील सरकारी निवाऱ्यात ठेवले गेले. सुमारे दहा दिवसांनी तिची सुटका झाली. ज्या आईने ही बातमी ऐकली, तिने आपल्या मुलाच्या हृदयाच्या तपासणीची तारीख पुढे ढकलली, तर तिला काय सांगणार? जानेवारी 2025 मध्ये रुग्णालये आणि शाळा यांच्या परिसरात अटका टाळण्याचे जुने धोरणही मागे घेतले गेले, आणि त्याच वर्षी मेडिकेडच्या लाभार्थींची माहिती स्थलांतर खात्याकडे सोपवली गेल्याचे उघड होऊन राज्ये न्यायालयात गेली. अर्जावर पत्ता खरा लिहावा की नाही, हा प्रश्न तेव्हापासून आरोग्य केंद्रांच्या खिडकीपाशी अधिकच जड झाला.

भीती ओलांडली, तरी रस्ता ओलांडायचा राहतोच. साडेतीन हजार लोकांमागे प्राथमिक उपचार करणारा एकही पूर्णवेळ डॉक्टर धड नसेल, तर तो भाग सरकारी हिशेबाने डॉक्टरांच्या तुटवड्याचा ठरतो, आणि ज्या काउंट्यांतून देशाची फळे-भाज्या येतात त्यांतल्या कित्येक या यादीत आहेत. मेडिकेड डॉक्टरला खासगी विम्यापेक्षा कमी पैसे देते, म्हणून गावात दंतवैद्य असला तरी तो ‘आम्ही हे कार्ड घेत नाही’ असे सांगू शकतो. लहान रुग्णालये प्रसूती विभाग आधी बंद करतात आणि मग स्वतः बंद होतात. कॅलिफोर्नियातील मदेरा काउंटीत तर विचित्रच झाले. मुलांचे एक नामांकित मोठे रुग्णालय काउंटीच्या दक्षिण टोकाला उभे आहे; पण मोठ्यांसाठीचे एकमेव सर्वसाधारण रुग्णालय जानेवारी 2023 मध्ये बंद पडले आणि मार्च 2025 मध्ये पुन्हा उघडले; मधल्या काळात कळा सुरू झालेल्या बाईला फ्रेस्नोची वाट धरावी लागत होती. मुलाच्या आरोग्याची सुरुवात आईच्या बाळंतपणापासून होते हे लक्षात घेतले, तर त्या दोन वर्षांची किंमत कळते.

अंतर कापायला गाडी लागते आणि गाडी चालवायला परवाना. कॅलिफोर्निया जानेवारी 2015 पासून कागदपत्रांशिवायही परवाना देते, टेक्सास देत नाही. तिथे दवाखान्यापर्यंतचे वीस मैल हा वीस मैलांचा गुन्हा होतो. मेडिकेड रुग्णाला वाहन पुरवते खरे, पण ते सहसा काही दिवस आधी नोंदवावे लागते, आणि कान आधी कळवून दुखत नाही. रजेचेही तसेच. आजारपणाची पगारी रजा द्यायला लावणारा देशव्यापी कायदा अमेरिकेत नाही. कॅलिफोर्नियात वर्षाला पाच दिवसांची अशी रजा शेतमजुरांनाही आहे आणि ती मुलाच्या आजारासाठीही घेता येते; पण ठेकेदारामार्फत कामाला लागलेली बाई ती मागायला धजावते का, हे कायद्यात लिहिलेले नसते.

इथे आपल्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट आहे. अमेरिकेत विशिष्ट व्हिसावर उच्च शिक्षण घेतलेल्या परदेशी डॉक्टरांना शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. पण 1994 मध्ये सुरू झालेल्या ‘कॉनरॅड 30’ योजनेखाली, डॉक्टर नसलेल्या भागात तीन वर्षे काम केले तर ही अट माफ होते, आणि दर राज्याला वर्षाला अशा 30 जागा मिळतात. या वाटेने गेलेल्यांत भारतीय डॉक्टर मोठ्या संख्येने आहेत. त्यामुळे मराठी घरातून गेलेला बालरोगतज्ज्ञ टेक्सासच्या एखाद्या कोपऱ्यातल्या गावात ‘दोंदे ते दुएले?’, म्हणजे ‘कुठे दुखते?’, असे विचारत बसलेला असणे ही अजिबात नवलाची गोष्ट नाही.

खरा आधार मात्र सामुदायिक आरोग्य केंद्रांचा आहे. एका गावात गाजर, पुढच्यात चेरी, त्याच्या पुढच्यात सफरचंद असा पिकामागे फिरणारा मजूर कुठल्याच काउंटीला आपला वाटत नाही, हे ओळखून सप्टेंबर 1962 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी स्थलांतरित मजुरांच्या आरोग्याचा कायदा मंजूर केला आणि त्यातून मजुरांचे दवाखाने उभे राहिले. आज ही केंद्रे विमा नसलेल्यालाही परत पाठवत नाहीत. फी कमाईच्या प्रमाणात घेतात. काही ठिकाणी गाडीत थाटलेला दवाखाना संध्याकाळी मजुरांच्या वस्तीवर येतो. लसींचा प्रश्नही बराचसा सुटलेला आहे: 1989 ते 1991 दरम्यान गोवराची मोठी साथ येऊन गेल्यावर 1994 पासून गरीब मुलांना लसी मोफत मिळतात. उलट जुलै 2025 मध्ये झालेल्या कायद्याने मेडिकेडच्या खर्चाला मोठी कात्री लावली आणि ग्रामीण आरोग्यासाठी पाच वर्षांचा 50 अब्ज डॉलरचा वेगळा निधी ठेवला. एका हाताने काढलेले दुसऱ्या हाताने भरून निघेल, असे तिथल्या ग्रामीण रुग्णालयांना वाटत नाही.

दवाखान्यात पोचल्यावर भाषा आडवी येते. इंग्रजीत ‘वन्स’ म्हणजे एकदा. नेमकी तीच चार अक्षरे (once) स्पॅनिशमध्ये ‘ओन्से’ अशी वाचतात आणि त्यांचा अर्थ होतो अकरा. बाटलीवर ‘दिवसातून वन्स’ असे अर्धवट भाषांतर छापले गेले, तर अर्थ किती बिघडतो ते पाहा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील औषध दुकानांविषयी 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संगणकाने तयार केलेल्या स्पॅनिश लेबलांपैकी निम्म्या लेबलांत चुका सापडल्या, आणि तिथे तर स्पॅनिश बोलणारे पावलापावलावर भेटतात. फ्लोरिडात 1980 मध्ये अठरा वर्षांच्या एका बेशुद्ध मुलाच्या घरच्यांनी तो ‘इंतोक्सिकादो’ आहे असे सांगितले. क्युबन बोलीत त्याचा अर्थ खाण्यापिण्यातले काहीतरी बाधले असा होतो. डॉक्टरांनी तो शब्द नशेचा धरला आणि दीड दिवसाहून अधिक काळ अमली पदार्थांच्या अतिसेवनावर उपचार केले. मेंदूत रक्तस्राव होत होता तो तसाच राहिला. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले आणि पुढे सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलरची तडजोड झाली. दुभाषाचा तासाचा पगार किती कमी असतो, हे त्या आकड्याशेजारी ठेवून पाहावे.

1964 च्या नागरी हक्क कायद्यानुसार सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला दुभाषाची सोय करावी लागते, आणि आणीबाणी सोडून लहान मुलांना दुभाषी म्हणून वापरायला 2010 च्या आरोग्य कायद्याखालील नियमांनी मनाई केली आहे. तरीही नऊ-दहा वर्षांचा मोठा भाऊ धाकटीच्या दुखण्याबद्दल डॉक्टर आणि आई यांच्यामध्ये उभा राहून बोलतो, हे दृश्य नाहीसे झालेले नाही. त्या वयाच्या मुलाला ‘कर्णपटल’ हा शब्द दोन्ही भाषांत ठाऊक नसतो. त्याहून अवघड स्थिती मेक्सिकोतील वाहाका राज्यातून आलेल्या मिश्तेको आणि त्रिकी कुटुंबांची किंवा ग्वातेमालातून आलेल्या माम बोलणाऱ्यांची आहे. नावावरून त्यांना स्पॅनिश येत असणार असे सगळे गृहीत धरतात. पण त्यांची मातृभाषा स्पॅनिशपेक्षा इतकी वेगळी आहे की स्पॅनिश दुभाषी अनेकदा त्यांच्या काहीच उपयोगाचा नसतो. त्यातून मिश्तेकोच्या बोलींत इतका फरक आहे की एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्याला समजेलच असे नाही. अशा आया मान डोलावतात. डॉक्टरला ती संमती वाटते.

या मुलांना नेमके होते काय, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यांच्या घराभोवतीच्या हवा-पाण्यात आहे. कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्याचा दक्षिण भाग असलेले सॅन होआकिन खोरे तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले, परातीसारखे आहे. शेतातली धूळ, दुग्धशाळांचा अमोनिया आणि महामार्गांवरच्या ट्रकांचा धूर हिवाळ्यात त्या परातीत साचून राहतो, म्हणून तिथली हवा देशातल्या सर्वांत वाईट हवांमध्ये गणली जाते आणि शाळेच्या दप्तरात दम्याचा पंप असणे ही तिथे नेहमीची गोष्ट आहे. दम्याचे एक वैशिष्ट्य असे की रोजचे औषध नियमित मिळाले तर मूल सहसा ठीक राहते आणि नाही मिळाले तर ते थेट तातडीच्या विभागात पोचते. 1986 च्या कायद्यामुळे तिथे कोणालाही प्रकृती स्थिर केल्याशिवाय परत पाठवता येत नाही. त्यामुळे जो आजार स्वस्तात आटोक्यात राहिला असता, तो सर्वांत महागड्या दारातून आत येतो.

पाण्याची गोष्ट अशीच आहे. दशकानुदशके टाकलेले खत आणि शेण जमिनीत झिरपून भूजलात नायट्रेट उतरले आहे. लहान वस्त्यांना नगरपालिकेचे पाणी नसते. त्या आपापल्या विहिरींवर चालतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला या पाण्यात कालवलेले पावडरचे दूध दिले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि बाळ निळे पडू शकते. घाबरलेली आई पाणी उकळते. पण उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटते तसे ते उलट दाट होते. पाणी हा माणसाचा हक्क आहे असा कायदा कॅलिफोर्नियाने 2012 मध्ये केला, आणि 2014 च्या दुष्काळात ईस्ट पोर्टरव्हिलमधल्या शेकडो घरांच्या विहिरी कोरड्या पडून अंगणात टाक्या ठेवाव्या लागल्या.

कीटकनाशकांच्या बाबतीत मात्र याच कुटुंबांनी जगाला काही शिकवले आहे. मोंटेरे काउंटीतील सलिनास खोरे म्हणजे अमेरिकेची सॅलडची परात. लेट्यूस आणि स्ट्रॉबेरी तिथून देशभर जाते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी यांनी 1999 मध्ये तिथे एक अभ्यास सुरू केला. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून ‘चामाकोस’ हा शब्द बनतो आणि मेक्सिकन बोलीत त्याचा अर्थ आहे पोरेटोरे. 601 गरोदर स्त्रियांनी त्यात नाव नोंदवले. त्यांच्या लघवीत ऑर्गनोफॉस्फेट प्रकारच्या कीटकनाशकांचे अंश मोजले गेले आणि पुढे मुले वाढताना त्यांच्या चाचण्या होत राहिल्या. 2011 मध्ये निष्कर्ष आले: ज्या आयांच्या शरीरात हे अंश सर्वांत जास्त होते, त्यांच्या सात वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यंक, सर्वांत कमी अंश असलेल्या आयांच्या मुलांपेक्षा सरासरी सात गुणांनी कमी होता. एका मुलात सात गुण दिसणारही नाहीत. अख्ख्या गावाच्या शाळेत ते दिसतात. अशा अभ्यासांचा आधार घेऊन कॅलिफोर्नियाने या गटातील क्लोरपायरिफॉसची विक्री 2020 मध्ये थांबवली. हेच औषध आपल्याकडेही कपाशीपासून वाळवीपर्यंत सगळ्यासाठी वापरले गेले आहे, हे जाता जाता सांगायला हवे.

विष घरात येते ते बुटांवरून, टोपीवरून आणि बाहीवरून. दिवसभर पानांत हात घालून आलेली आई दारात पाऊल टाकते आणि रांगणारे मूल तिच्या पायांना बिलगते. म्हणून तिथे शिकवतात की बूट बाहेर काढा, कपडे बदला, हात धुवा, मगच मुलाला उचला. मळ्यातले कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. सल्ला बरोबर आहे, पण ज्या घरात दोन कुटुंबे एका न्हाणीघरावर भागवतात आणि कपडे धुवायला नाणी टाकून चालणाऱ्या यंत्रापर्यंत गाडीने जावे लागते, तिथे तो पाळायला किती कष्ट पडतात, हे सांगणाऱ्याच्या ध्यानात असावे.

घरगुती उपचारांचा विषय निघाला की परका डॉक्टर अनेकदा चिडतो. मराठी वाचकाला मात्र ती सगळी सूची ओळखीची वाटेल. बाळाला दृष्ट लागते, तिला ‘माल दे ओहो’ म्हणतात आणि ती अंगावरून अंडे फिरवून काढतात. बाळंतिणीने चाळीस दिवस विश्रांती घ्यायची, वारा-थंडी टाळायची, त्याला ‘क्वारेंतेना’ म्हणतात. आपला सव्वा महिनाच तो. बाळाच्या डोक्यावरची टाळू खोल गेली की ‘मोयेरा’ पडली म्हणतात आणि तोंडात अंगठा घालून आतला वरचा भाग वर दाबतात किंवा बाळाला उलटे धरतात. खोल गेलेली टाळू हे अंगातले पाणी कमी झाल्याचे, बहुधा जुलाबाचे, लक्षण असते. म्हणजे आजीचे निरीक्षण अचूक आहे, उपाय चुकीचा आहे. आणि जो डॉक्टर आधी तिच्या निरीक्षणाला दाद देतो, त्याच्या सांगण्यावरून ती मीठ-साखरेचे पाणी पाजते. खरोखर घातक असे थोडेच आहे. पोट गच्च झाले, म्हणजे ‘एम्पाचो’ झाला, तर ‘आसार्कोन’ नावाची केशरी पूड किंवा ‘ग्रेता’ नावाची पिवळी पूड चाटवतात. या दोन्ही पुडी शिशाच्या संयुगांच्या असतात आणि त्यांनी मुलांना विषबाधा झाल्याची प्रकरणे 1980 च्या दशकापासून नोंदवली गेली आहेत.

या कुटुंबांकडे नुसते उणेच आहे असेही नाही. कायरियाकोस मार्किदेस आणि जीनीन कोरील यांनी 1986 मध्ये दाखवून दिले की गरिबी आणि अपुरा विमा असूनही लॅटिनोंचे आरोग्याचे काही आकडे, विशेषतः बालमृत्यूचे, अपेक्षेपेक्षा बरेच चांगले आहेत. नुकत्याच आलेल्या मेक्सिकन आईचे बाळ वजनाने बहुधा चांगले भरते. पण पिढी अमेरिकेत मुरत जाते तसे हे बळ ओसरते. 2017 ते 2020 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील 19.7 टक्के मुले लठ्ठ आढळली, तर लॅटिनो मुलांत हे प्रमाण 26.2 टक्के होते. ज्या गावाभोवती देशाची भाजी पिकते, त्या गावच्या एकमेव दुकानात ताजी भाजी महाग आणि गोड सरबताची बाटली स्वस्त असते. विहिरीच्या पाण्यावर विश्वास नसला की मुलाच्या हातात ती बाटली आणखी सहज येते, आणि दातांची कीड मागोमाग येते.

या गुंत्यात जे थोडे चालते, त्याचे नाव ‘प्रोमोतोरा’. त्याच वस्तीतली, त्याच मळ्यात राबलेली बाई, जिला थोडे प्रशिक्षण आणि थोडे मानधन मिळते आणि जी दारोदार जाऊन फॉर्म भरून देते, तारीख आठवून देते, गाडीत बसवून नेते. आपल्या आशाताईंची आठवण व्हावी असे हे काम आहे, आणि मानधनाची रडही तशीच आहे. कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड येथे 2001 मध्ये स्थापन झालेली मिश्तेको समाजाची संघटना तर आपल्या रेडिओ केंद्रावरून मिश्तेकोमध्येच आरोग्याची माहिती देते, कारण कागदावर छापून ती पोचणारच नाही. प्रोमोतोरा नवे औषध देत नाही. आईला एका दिवसाची मजुरी बुडवावी लागेल की नाही, एवढे ती ठरवू शकते. आणि पुष्कळदा तेवढ्यावरच अडलेले असते.

आता त्या कानाकडे परत येऊ. दवाखाना शनिवारी किंवा रात्री आठपर्यंत उघडा असेल, तर मुलीला अँटिबायोटिकची बाटली मिळते आणि गोष्ट आठ-दहा दिवसांत संपते. तो उघडा नसेल, तर कदाचित तिसऱ्या रात्री पडद्यामागे साचलेल्या पूने पडदा फुटतो. उशीवर पिवळा डाग पडतो आणि दुखणे एकदम थांबते. मूल शांत झोपते, आईला हायसे वाटते, कान बरा झाला असे घरात सगळे धरून चालतात. एकदा फुटलेला पडदा बऱ्याचदा आपोआप भरूनही येतो. पण हे वर्षातून तीन-चार वेळा होऊ लागले, मध्ये पाणी साचून राहिले, तर ऐकू येणे कमी होते, आणि तेही हळूहळू, मुलीच्या स्वतःच्या लक्षात येणार नाही अशा बेताने. पुढच्या ऑगस्टमध्ये ती बालवाडीत जाते. बाई हाक मारतात, ती वळून पाहत नाही. बाई वहीत नोंद करतात, मुलीला अजून इंग्रजी समजत नाही.